तुलनेसाठी ठेवलेली मुलं

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानात वडील अंगठ्याऐवजी सही करायचे, याचंच आईला केवढं कौतुक होतं. अशा घरातल्या माणसाने आठवणी लिहायला बसावं हे मला स्वतःलाच थोडं जास्तीचं वाटतं. पण माफी एवढ्यासाठी नाही. ज्या मुलांबद्दल मी लिहिणार आहे, त्यांच्यातल्या काहींच्या हाती हे पडलं तरी त्यांना ते वाचता येईल की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यात माझाही हात आहे. किती आहे, ते मला नीट कळलेलं नाही.

पनवेल तेव्हा नगरपालिका होती. मी खारघरच्या एका कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या मॅडम एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर काम करत होत्या. विद्यापीठाने नगरपालिकेच्या काही शाळांबरोबर करार केला होता. विद्यापीठ संशोधन करणार, शाळांना त्याचा फायदा मिळणार. मॅडमनी वर्गात विचारलं, "पनवेलचं कोण आहे?" मी हात वर केला. शाळांची नावं वाचून दाखवली, त्यात माझीच शाळा होती. तेव्हा मला काय आनंद झाला, ते आता सांगायचीही लाज वाटते.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मंजे तू मास्तर झालास?"

"नाय गं. मी फक्त बघनार. पोरं कशी शिकतात ते."

"नुसता बघाचं पैसं देतात?"

वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. जेवता जेवता ते म्हणाले, "देतात तर. आमच्याकडं पन एक जन नुसता बघाला उभा असतो. त्यालाच जास्ती देतात." आणि दोघंही हसले. मीही हसलो.

प्रकल्प साधा होता. तिसरीच्या एका तुकडीला पत्र्याची एक पेटी मिळणार. पेटीत गोष्टींची पुस्तकं, रंगीत, मोठ्या अक्षरांची. रोज एक तास वाचनाचा. शिक्षकांनी आधी मोठ्याने वाचून दाखवायचं, मग मुलांनी जोडीजोडीने पुस्तकं घेऊन बसायचं. दुसऱ्या तुकडीला काही द्यायचं नाही. तिथे नेहमीसारखं शिकवणं चालू ठेवायचं. वर्षाच्या शेवटी दोन्ही तुकड्यांना वाचायला लावायचं आणि फरक पाहायचा. दुसऱ्या तुकडीला आम्ही तुलना गट म्हणायचो. कॉलेजात हा शब्द शिकलो तेव्हा मला तो आवडला होता.

कुठल्या तुकडीला पेटी मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं. कुणाच्या ओळखीने, कुणाच्या आग्रहाने ठरू नये म्हणून. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही जमलो. अ तुकडीचे गुरुजी तरुण होते, नुकतेच लागलेले. ब तुकडीच्या बाई माझ्या बाई होत्या. मी तिसरीत असताना त्यांनीच मला शिकवलं होतं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी सगळ्यांसमोर माझा कान धरला. "याला पाढे येत नव्हते. तेराचा तर आजही येत नसेल. आणि आता विद्यापीठातनं आलाय." मॅडमना हे फार आवडलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "चिठ्ठी यालाच काढू द्या. शाळेचाच पोरगा आहे." डब्यात दोन चिठ्ठ्या. मी एक उचलली. अ निघाला.

"घ्या," बाई म्हणाल्या. "मी शिकवलं आणि माझंच नाव डब्यात ठेवलं." पुन्हा हशा झाला. त्या खरंच रागावल्या नव्हत्या. चहा झाल्यावर मात्र मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या पोरांना काहीच नाही?"

मी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. या वर्षी नाही. पण हीच मुलं पुढच्या वर्षी चौथीत गेली की त्यांना पेटी आणि तास मिळेल. करारात तसं आहे.

"मी मेमध्ये रिटायर होतेय," बाई म्हणाल्या. "ही माझी शेवटची तुकडी. मला नाही मिळालं तरी चालेल. त्यांना मिळालं पाहिजे."

"मिळेल, बाई."

वर्षभर मी दोन्ही वर्गांत मागच्या बाकावर बसायचो. अ मध्ये गुरुजी वाघाचा, हत्तीचा आवाज काढून वाचायचे. पहिल्या पंधरवड्यात त्यांना लाज वाटायची, मग ते इतके सुटले की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायला लागल्या. ब मध्ये बाई फळ्यावर लिहायच्या आणि मुलं सुरात म्हणायची. सुरात म्हटलं की सगळ्यांना येतं असं वाटतं. एकेकट्याला उभं केलं की कळायचं. बाईंनाही ते कळत होतं. वर्गात मुलं खूप होती, आणि बाई सांगायच्या की जनगणना, निवडणूक, पोलिओचे डोस, सगळ्याला आम्हालाच पाठवतात.

ब मध्ये कोळीवाड्यातली एक मुलगी माझ्या बाकाच्या पुढेच बसायची. तिला अक्षरं येत होती, पण ती जोडून शब्द करायची वेळ आली की ती माझ्याकडे वळून बघायची. एकदा तिने विचारलं, "सर, त्या पेटीत काय हाय?"

"पुस्तकं."

"आमाला?"

"पुढच्या वर्षी."

"नापास झालो तरी?"

"नापास करतच नाहीत आता."

तिने याचा विचार केला. त्यानंतर मी वर्गात शिरलो की ती मोठ्याने विचारायची, "सर, पुढचा वर्ष आला का?" आणि सगळा वर्ग हसायचा. बाई खडू दाखवून गप्प करायच्या आणि स्वतःच हसायच्या.

दिवाळीनंतर बाईंनी मला एकच गोष्ट मागितली. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. त्या दिवशी अ मध्ये वाचनाचा तास नसतो. तेव्हा पेटी एक तास त्यांच्या वर्गात न्यायची. "कुणाला कळणार पण नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "कळलं तर मी सांगेन, मीच नेली."

मी मॅडमना विचारलं. मॅडम चिडल्या नाहीत. मला समोर बसवून त्यांनी समजावलं. दोघांना दिलं तर पेटीचा उपयोग होतो की नाही हे कधीच कळणार नाही. ते कळलं नाही तर पुढच्या कुठल्याच शाळेला पेटी मिळणार नाही. एका शाळेतल्या एका तुकडीने एक वर्ष थांबायचं आणि त्यामुळे इतक्या शाळांना मिळायचं. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, आजही पटतं. मी पनवेलला येईपर्यंत हेच वाक्य मनात म्हणत आलो. बाईंसमोर उभा राहिलो तेव्हा मात्र एवढंच म्हणालो, "नाही म्हणाल्या."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला लागल्या.

मार्चमध्ये वाचनाची चाचणी होती. चाचणी घ्यायला दुसऱ्या कॉलेजच्या दोन मुली आल्या होत्या. कुठली मुलं अ ची आणि कुठली ब ची हे त्यांना माहीत नसावं म्हणून मुद्दाम बाहेरच्या आणल्या होत्या. एकेका मुलाला आत बोलवायचं, अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, मग छोटा उतारा वाचायला द्यायचा. मी फक्त व्हरांड्यात रांग लावायची होती.

ब ची रांग लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्यात सहा-सात मुलं अ ची आहेत. आणि माझ्या बाकापुढची ती मुलगी नाही. तिच्यासारखी अडखळणारी आणखीही कुणी दिसत नव्हती. बाई रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. कोरी साडी, डोक्यात गजरा. तपासणीच्या दिवशी त्या तशाच यायच्या. माझ्याकडे पाहून त्यांनी डोळे मिचकावले.

मी जवळ गेलो. "बाई, ही मुलं अ ची आहेत."

"हळू बोल. त्या मुलींना ऐकू जाईल."

"आपली कुठे आहेत?"

"घरी बसवलीत. असं काय करतोस नवीन असल्यासारखा? तपासणीला आपण हेच करतो ना? तू तर पलीकडच्या वर्गात जाऊन वाचून यायचास. साहेबांनी तुला पेन्सिल दिली होती, विसरलास?"

विसरलो नव्हतो. तपासणीचे साहेब आले की मला आणि आणखी दोघा-तिघांना मागच्या दाराने दुसऱ्या तुकडीत बसवायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आमच्यासाठी जागा करायला कोण घरी बसलेलं असायचं, हे मी तेव्हा कधी विचारलं नव्हतं.

"अरे, तुझ्यासाठीच केलं," बाई म्हणाल्या. "आमचा विद्यार्थी एवढा शिकून आला आणि त्याच्याच बाईंची पोरं शब्द वाचत नाहीत, हे बरं दिसेल का तुझ्या मॅडमना?"

मग मला सांगावं लागलं. मी खूप हळू आवाजात सांगितलं, की बाई, ही तशी तपासणी नाही. ब जशी आहे तशीच दिसायला हवी. अ आणि ब मध्ये फरक दिसला पाहिजे.

"म्हणजे अ पुढे आणि ब मागे."

"हो."

"आणि फरक जितका जास्ती, तितकं तुमचं काम चांगलं झालं."

मला वाटतं मी मान हलवली.

"म्हणजे माझी पोरं वाचत नाहीत, ते तुमच्या उपयोगाचं आहे," बाई म्हणाल्या. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एखादं गणित फळ्यावर सुटावं तसं त्यांनी ते म्हटलं. मग टाळ्या वाजवून त्या अ च्या मुलांना म्हणाल्या, "चला रे, आपापल्या वर्गात. झालं." आणि मला म्हणाल्या, "जा, घरी बसवलेल्यांना घेऊन ये. तूच जा. मी बोलवलं तर येणार नाहीत, मीच बसवलंय."

अ च्या गुरुजींनी चाचणी घेणाऱ्या मुलींना चहा देऊन तेवढा वेळ गप्पांत गुंतवलं. मी घरोघर मुलं गोळा करत शेवटी कोळीवाड्यात गेलो. त्या मुलीची आई दारात कोलंबी सोलत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"बाईंनीच सांगलंय आज नको येव," ती म्हणाली. "सकाळी धाडली तर बाई म्हनतात, आज घरी खेळ. आता तू न्याला आलास. तुमचं तरी एक काय ते ठरवा."

"चूक झाली आमची. आज तिला वाचायला बोलावलंय."

"तिला? तिला वाचाला येतं?" आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी तोवर गणवेश घालून तयार होती. तिने वेणीसुद्धा एका हाताने सोडवून परत घालायला घेतली होती.

वाटेत तिने विचारलं, "आज पेटी उघडनार?"

"नाय," मी म्हणालो. "आज नुसतं वाचाचं."

ती आत गेली. दार उघडंच होतं. अक्षरं तिने घडाघडा वाचली, सगळी. मग शब्दांचा कागद पुढे आला आणि ती सवयीने मागे वळली. मी व्हरांड्यात होतो. आमची नजर भेटली आणि मी रांगेकडे तोंड फिरवलं, कारण नियमाप्रमाणे मी आत बघायलाच नको होतं. चाचणी घेणारी तिला म्हणाली, "छान, शाबास, जा." बाहेर येऊन तिने मला विचारलं, "झाली पास?" मी हो म्हणालो. तिच्यामागून बाकीचे गेले, एकामागून एक, आणि बहुतेक जण शब्दांच्या कागदापाशीच बाहेर आले.

फरक चांगला आला. मॅडमनी माझं कौतुक केलं. रांगेतला घोळ मी त्यांना त्याच दिवशी सांगितला होता आणि तो मी वेळेवर निस्तरला म्हणून त्या जास्तच खूश होत्या. चर्चासत्रात त्यांनी पडद्यावर दोन उभे रंगीत पट्टे दाखवले, एक उंच, एक बुटका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे बसून त्या बुटक्या पट्ट्याकडे बघत होतो. त्याच कामावर मी माझा प्रबंध लिहिला. मला पहिला वर्ग मिळाला आणि त्याच्या जोरावर नागपूरच्या एका संस्थेत नोकरी. आईने गल्लीत पेढे वाटले.

मेमध्ये बाईंचा निरोप समारंभ झाला. मी गेलो होतो. शाल, श्रीफळ, भाषणं. बाईंनी स्वतःच्या हाताने मला पेढा भरवला. त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "माझ्या पोरांचं बघ हं."

"बघतो, बाई."

आणि जूनमध्ये मी नागपूरला गेलो. माझ्या जागी कॉलेजातला माझ्या मागच्या वर्षाचा मुलगा आला. त्याला मी सगळं समजावून दिलं होतं, ब च्या मुलांचंही. ऑगस्टमध्ये त्याने मला एक फोटो पाठवला. वर्गात पेटी उघडी आहे आणि मुलं जमिनीवर पुस्तकं घेऊन बसली आहेत. खाली लिहिलं होतं, 'दुसरा टप्पा सुरू.' फोटोतले चेहरे खाली झुकलेले होते. मी त्यात कोळीवाड्यातली ती मुलगी शोधली. सापडली नाही. मागे बसली असेल, असं मला वाटलं. किंवा तसं वाटून घेतलं. एका फोनचं काम होतं. मी 'छान' असं उत्तर पाठवलं आणि त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढे पनवेलला यायचो, घरी यायचो. शाळेच्या रस्त्याने जायचं टाळायचो. बाईंकडे जायचं दर सुट्टीत ठरवायचो. काय घेऊन जावं हे सुचायचं नाही आणि मग सुट्टी संपायची. माझ्या कामात मी तोवर पुष्कळ तुलना गट पाहिले, स्वतः ठरवले. प्रत्येक वेळी तिथल्या शिक्षकांना मी तेच सांगायचो, मॅडमनी मला समोर बसवून सांगितलेलं. आमच्या एका शाळेत थांबलेल्या मुलांना नंतर सगळं मिळालं, असंही पुढे जोडायचो. ते ऐकून लोक तयार व्हायचे.

पनवेलची महानगरपालिका होऊन काही वर्षं झाल्यावर आमच्या कोन गावात चुलत बहिणीचं लग्न होतं. जेवायला बसलो तर समोरच्या पंगतीत अ चे गुरुजी. केस पांढरे व्हायला लागलेले. ते नवऱ्याकडून आले होते. मला ओळखून त्यांनी पान उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. वाघाचा आवाज अजून काढता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता घसा बसतो.

मग मीच म्हणालो, "चौथीत ब चं छान झालं ना? फोटो पाहिला होता मी."

"चौथीत? चौथीत कुठे झालं?" गुरुजी म्हणाले. "तो फोटो तिसरीचा. नवीन तिसरीचा. त्या वर्षी अ आणि ब दोघांना दिली पेटी."

"पण करारात होतं ना, हीच मुलं..."

"असेल. त्यांचं वरून आलं की दुसरा टप्पापण तिसरीलाच. पुस्तकं तिसरीची, शिक्षकांचं प्रशिक्षण तिसरीचं. चौथीला दिलं तर मोजायचं कसं, असं काहीतरी. तुझ्या मॅडमपण तोवर परदेशी गेल्या होत्या. तुला माहीत नाही? मला वाटलं, तुला माहीत असेल."

मी नाही म्हणालो.

"बाई आल्या होत्या जूनमध्ये," गुरुजी सांगायला लागले. "रिटायर झालेल्या, तरी आल्या. त्या नव्या मुलाला म्हणाल्या, माझी चौथीची पोरं मागे भिंतीला टेकून बसतील, पुस्तकाला हात लावणार नाहीत, नुसती ऐकतील. तो म्हणाला, बाई, नियमात बसत नाही. मुलगा वाईट नव्हता. तुझ्यासारखाच होता, बिचारा. तोंड एवढंसं झालं त्याचं."

"मग?"

"मग बाई घरीच बोलवायला लागल्या दुपारी. येतील तेवढ्यांना. पाच-सहा यायची. ती वाचायला लागली, बरं का. दिवाळीत बाईंचा मुलगा त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला, नातू झाला होता. ते बंद झालं."

"ती कोळीवाड्यातली? माझ्या पुढे बसायची ती?"

"ती नव्हती त्यांच्यात. दुपारी तिला आईबरोबर मासळी बाजारात बसायला लागायचं. पाचवीपर्यंत होती शाळेत, मग नाही दिसली. बाजारात असते आता, मासळी विकायचा स्वतःचा पाट आहे तिचा. गिऱ्हाइकाने काही लिहून आणलं की शेजारणीला देते वाचायला."

जिलबी वाढणारा येऊन उभा राहिला. गुरुजींनी दोन घेतल्या. मी पानावर हात आडवा धरला.

"मला कुणी कळवलं का नाही, गुरुजी?"

"मी कळवणार होतो," ते म्हणाले. "तुझा नंबरपण घेतला होता त्या मुलाकडून. बाई म्हणाल्या, नको. आता कुठे नोकरीला लागलाय, त्याला कशाला सांगता."